वाचकांचे प्रश्न : या वेळी फक्त करवंद

मागच्या अंकात बालाघाटातल्या रानमेव्यावर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त एकट्या करवंदाची निघाली. काहींनी डहाळ्या पाठवल्या, काहींनी फोटो. धारूरच्या घाटालगत माझी रोपवाटिका आहे आणि करवंद हे माझं सगळ्यांत जिव्हाळ्याचं झाड आहे. म्हणून हे सदर त्यालाच देते. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

ताई, पाटोदा तालुक्यात डोंगराच्या पायथ्याला आम्ही नुकतीच थोडी जमीन घेतली. वरच्या अंगाला काटेरी झुडपांची गर्दी आहे. शेजारच्या बाई म्हणतात करवंद आहे, लेकरांना खाऊ द्या. आमचे चुलत सासरे म्हणतात, त्यातलं काही विषारी असतं, हात लावू नका. डहाळी आणि फोटो पाठवते. खरं काय?

दोघांचंही खरं आहे. तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवलेली डहाळी करवंदाचीच आहे. एकाच फांदीवर पान, काटा आणि फळ मिळाल्यामुळं शंकेला जागा उरली नाही. पण फोटोंत मला एक नाही, तीन वेगळी झुडपं दिसतात. त्यातलं एक गेळ्याचं आहे. घरात लेकरं आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

करवंदाची पानं समोरासमोर जोडीनं येतात. ती जाडसर, चिवट आणि वरून चकचकीत हिरवी असतात. पान खुडलं की देठातून लगेच पांढरा चीक येतो. काटा नीट बघा. तो बुडाशी एक असतो आणि टोकाला पुष्कळदा दोन होतात, गलोलीच्या बेचक्यासारखे. प्रत्येक काटा असा दुटोकी असेलच असं नाही, पण एका झुडपावर असे काटे तुम्हाला नक्की सापडतील. फुलं फांदीच्या शेंड्याला झुपक्यानं येतात, पांढरी, बारीक नळीची, पाच पाकळ्यांची चांदणी. आपल्याकडं थंडी ओसरताना ती फुलायला लागतात आणि संध्याकाळी वास दूरवर जातो. फळ आधी हिरवं, मग तांबूस आणि पिकल्यावर काळं-जांभळं होतं. आत चपट्या तपकिरी बिया असतात.

आता गेळा. याची गफलत सहज होते, कारण पानं यालाही समोरासमोर किंवा झुपक्यानं, काटे दणकट, फूलही पांढरं आणि वासाचं. पण गेळ्याचा काटा सरळ आणि एकटोकी असतो. पान तोडलं तर चीक येत नाही. फूल पांढरं उमलतं आणि एकदोन दिवसांत पिवळं पडतं. फळ तर अगदीच निराळं, लहान पेरूएवढं, पिवळसर, डोक्यावर फुलाच्या कोशाचा मुकुट तसाच राहिलेला. आयुर्वेदात वांती करवायला जे मदनफळ वापरतात ते हेच. ओढ्याच्या डोहात मासे गुंगवायला गेळ्याची फळं ठेचून टाकायची जुनी रीत आहे. तुमच्या चुलत सासऱ्यांच्या डोळ्यांपुढं बहुधा गेळाच असणार. त्यांना घेऊन एकदा माळावर जा आणि कोणतं झुडूप ते दाखवायला सांगा. जुन्या माणसांना झाड पक्कं माहीत असतं, फक्त ते घरी बसून सांगताना नेमकं कळत नाही.

तिसरं झुडूप हेंकळ आहे. त्याची पानं एकाआड एक किंवा काट्यावरच झुपक्यानं येतात, चीक नाही, आणि फळ म्हणजे वाळून तडकणारं बारीक बोंड. ते खायचं नसतं. आणि घाणेरी तर तुम्ही ओळखताच. तरी लेकरांना वेगळी सांगून ठेवा, कारण तिचीही फळं काळी होतात आणि घोसानं लागतात. पान खरखरीत, चोळलं की उग्र वास, खोड चौकोनी. घाणेरीची हिरवी फळं विषारी असतात.

एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण दोघा-तिघांच्या पत्रांत “चीक आला म्हणजे करवंद” असं आलं आहे. तसं धरू नका. करवंद कण्हेरीच्या कुळातलं आहे. कण्हेर, पिवळी कण्हेर, रुई ही सगळी त्याच कुळातली आणि सगळ्यांना चीक येतो. पिवळ्या कण्हेरीची बी पोटात गेली तर हृदयाची लय बिघडते, माणूस दगावतो. तेव्हा चीक, समोरासमोरची पानं, दुटोकी काटे आणि काळं पिकणारं फळ या चारही खुणा एकाच झुडपावर जुळल्या तरच करवंद म्हणा. एक जरी खूण हुकली तर तोंडात घालू नका, डहाळी मला पाठवा.

पाठवताना फूल किंवा फळ असलेली फांदी घ्या, वर्तमानपत्राच्या दोन घड्यांत दाबून वाळवा आणि मग पाकिटात घाला. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलेली डहाळी माझ्याकडं पोचेपर्यंत काळी पडते, तिच्यावरून काही सांगता येत नाही.

अंबाजोगाईजवळ आमच्या गायरानातली करवंदं ज्वारीच्या दाण्याहून थोडीच मोठी असतात. कोकणातून पाहुण्यांनी आणलेली चांगली टपोरी होती. ही वेगळी जात का?

तुमच्याकडच्या फांदीवरून तरी ती आपल्या कोरड्या डोंगरांवरची बुटकी जात वाटते. शास्त्रीय नाव कॅरिसा स्पायनॅरम. लागवडीत असते ती मोठ्या फळाची कॅरिसा कॅरॅन्डास. पण फळाचा आकार निव्वळ जातीवर ठरत नाही. दापोलीकडं ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि आपल्याकडं सरासरी सातशे-आठशे. त्यात मुरमावर वीतभरसुद्धा माती नाही. चांगल्या मातीतलं तेच झुडूप फळाला भरतं, हे मी रोपवाटिकेत बघते आहे.

लहान फळाला कमी लेखू नका. साखर त्यात एकवटलेली असते. २०१२-१३च्या दुष्काळात जालन्याकडं मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या, लोकांनी टँकरनं पाणी घातलं तरी वाचल्या नाहीत. त्या उन्हाळ्यात आमच्या घाटातल्या करवंदांना फळ बारीक आलं, पण आलं. एक थेंब पाणी कुणी घातलं नव्हतं. म्हणून मी बियाण्यासाठी अजूनही घाटातलीच, पण त्यातल्या त्यात टपोऱ्या आणि गोड फळांची झुडपं निवडते.

आमची जमीन परभणी तालुक्यात, काळी, खोल. करवंद येईल का? रोपं कशी करायची?

येईल, पण वावराच्या मधोमध नको. करवंदाला पाण्याचा ताण सोसतो, मुळाशी तुंबलेलं पाणी सोसत नाही. काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि पाणी धरून ठेवते, उन्हाळ्यात भेगाळते तेव्हा कोवळी मुळं तुटतात. दोन्ही करवंदाला वाईट. धुऱ्यावर लावा, जिथं उतार आहे आणि पाणी निघून जातं. जागा सपाटच असेल तर फूटभर उंच वरंबा करा. खड्डा दीड फूट लांब, रुंद, खोल पुरे. त्यातल्या काळ्या मातीत निम्मा मुरूम आणि दोन पाट्या कुजलेलं शेणखत मिसळून भरा. शेणखत कुजलेलंच हवं, ताज्यानं हुमणी येते.

रोपांसाठी सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट, बी ताजं पाहिजे. करवंदाच्या बियांची उगवण फार झपाट्यानं कमी होते. मागच्या वर्षीचं बी जपून ठेवलं असेल तर त्याच्या नादी लागू नका. रोहिणी नक्षत्रात पूर्ण काळी, मऊ फळं आणा. ज्या झुडपाची फळं तुम्ही स्वतः खाऊन बघितली आणि आवडली, त्याचीच आणा. पाण्यात कुस्करा, गर धुऊन टाका, बी राखेत चोळून चिकटपणा घालवा, सावलीत एखादा दिवस सुकवा आणि लगेच पिशव्यांत लावा. पिशवीत दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग शेणखत. बी नखभर खोल, त्याहून खाली नको. तीनेक आठवड्यांत कोंब दिसायला लागतात, काही मागं राहतात, त्यांची वाट बघा. पहिलं वर्ष रोप अगदी हळू वाढतं. लोक इथंच कंटाळतात आणि पिशव्या उलट्या करतात. पुढच्या मृगात ते लावणीला येतं आणि लावल्यापासून तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ धरतं.

बियांची रोपं आईवर जातीलच असं नसतं. एखाद्या झुडपाचं फळ फारच चांगलं असेल आणि अगदी तसंच हवं असेल तर पावसाळ्यात गुटी कलम बांधा. पेन्सिलीएवढी, तांबूस-करडी झालेली फांदी घ्या, इंचभर साल गोल काढा, चीक पुसून घ्या आणि ओलं शेवाळ लावून प्लॅस्टिक घट्ट बांधा. नुसत्या फांद्या खोचून करवंद जगवणं अवघड आहे, पुष्कळशा कुजतात. मोठ्या फळाच्या तयार जाती हव्या असतील तर दापोलीच्या विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’ आहे, पंतनगरच्या ‘पंत मनोहर’, ‘पंत सुदर्शन’ आणि ‘पंत सुवर्णा’ आहेत. तुम्हाला परभणीचं कृषी विद्यापीठ घरासमोर आहे, कलमांची चौकशी आधी तिथंच करा.

पहिले दोन उन्हाळे आठवड्याला पाणी द्या. मग बंद केलं तरी चालतं. युरिया टाकू नका. नुसता पाला वाढतो.

मी कळमनुरी तालुक्यातला शेतकरी. रानडुकरांनी भुईमूग ठेवला नाही. करवंदाचं कुंपण केलं तर डुकरं थांबतील का?

भाऊ, थांबतील असं मी छातीठोक सांगणार नाही. करवंदाचं कुंपण शेळ्या-गुरांना नक्की थांबवतं, कारण काटा आणि चीक दोन्हींमुळं जनावर तोंड लावत नाही. डुक्कर मात्र खालून घुसतं. त्यामुळं कुंपणाचा खालचा हात-दीड हात गच्च असला तरच उपयोग. रोही तर उडीच मारतात, त्यांना हे कुंपण अडवत नाही.

गच्च करायचं तर रोपं दोन ओळींत लावा, दोन-अडीच फुटांवर, एका ओळीतलं रोप दुसऱ्या ओळीतल्या दोन रोपांच्या मधोमध येईल असं. रोप गुडघ्याएवढं झालं की शेंडा खुडा. मन होत नाही, इतक्या हळू वाढणाऱ्या रोपाचा शेंडा कसा मोडायचा वाटतं, पण तिथं खुडलं तरच बुडातून फांद्या फुटतात. नाहीतर वर छत्री आणि खाली मोकळी वाट असं कुंपण होतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षीही हेच करा. तोवर बाहेरच्या अंगाला बाभळीच्या काट्यांची वई ठेवावीच लागेल. चौथ्या-पाचव्या वर्षी कुंपण आणि फळ दोन्ही मिळायला लागतं. चांगल्या झुडपाला चार-पाच किलो उतरतं. तुमच्या भुईमुगाची या हंगामाची काळजी यानं मिटणार नाही, हे मला कळतं. नुकसानीचा पंचनामा मात्र सोडू नका, वनखात्याकडं वेळेत अर्ज द्या.

लातूरला ब्लॅककरंट लावता येईल का? इंटरनेटवर रोपं मिळतात.

नाही. ते रिबीस वंशाचं थंड प्रदेशातलं झुडूप आहे. त्याच्या कळ्या उघडायला हिवाळ्यात ७ अंशांखाली हजाराच्या आसपास तासांची थंडी लागते. लातूरच्या थंडीत ते भरत नाहीत आणि एप्रिल-मेच्या उन्हात झुडूप तग धरत नाही. आपल्या देशात त्याच्या रानटी बहिणी हिमालयात भेटतात. आंबटगोड, काळं, जेली होणारं फळ एवढंच हवं असेल तर तेच पैसे करवंदाच्या रोपांना घाला.

छत्रपती संभाजीनगरला गच्चीवर मोठ्या कुंडीत करवंद आहे. झाड छान हिरवंगार आहे, दर वर्षी दिवाळीनंतर आम्ही त्याला कापून गोल आकार देतो. फूल मात्र चार-दोनच येतं. खत कोणतं घालू?

खत घालू नका, कात्री आवरा. करवंदाला फूल फांदीच्या शेंड्याला येतं, आणि दिवाळीनंतर तुम्ही नेमके तेच शेंडे काढता. छाटणी फळं संपली की लगेच करा, जून-जुलैमध्ये, म्हणजे पावसात नवी फूट येईल आणि तिला थंडीपर्यंत पिकायला वेळ मिळेल. नोव्हेंबरपासून पाणी अगदी कमी करा, पान किंचित मलूल दिसेपर्यंत थांबा. तो ताण झाडाला फुलाकडं वळवतो. कळ्या दिसल्या की हळूहळू पुन्हा पाणी सुरू करा, एकदम भरपूर दिलं तर कळ्या गळतात. दिवसभराचं ऊन लागतं, कठड्याच्या सावलीत कुंडी असेल तर हलवा.

आमच्याजवळ नायगावचं मयूर अभयारण्य आहे. तिथून करवंदाची चार झुडपं मुळासकट आणून शेतात लावली तर लवकर फळं मिळतील ना?

कृपा करून असं करू नका. अभयारण्यातलं झाड उपटणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणं गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी ते झुडूप जगणार नाही. मुरमातल्या करवंदाचं मूळ कातळाच्या फटीतून खोल गेलेलं असतं. तुम्ही वरचा हातभर भाग खणून आणाल आणि खालचं तिथंच तुटून राहील. शेतात आल्यावर पंधरा दिवसांत पान गळेल. झुडूप डोंगरावरूनही गेलं आणि शेतातही नाही आलं.

हे मी जरा कळकळीनं लिहिते आहे. घाटातल्या बाया पहाटे अंधारात निघून, हातावर काट्यांचे ओरखडे घेऊन करवंदं तोडतात आणि उन्हं चढायच्या आत पाटी घेऊन बसस्टँडवर येतात. सासूबाईंनी कितीतरी उन्हाळे हेच काम केलं. त्या प्रत्येक झुडपावर थोडी फळं ठेवून द्यायच्या, पाखरांना. बुलबुल करवंद खातात आणि बी दुसरीकडं टाकतात, नवं झुडूप तिथून येतं. आता काही ठिकाणी फांद्याच कोयत्यानं तोडून खाली आणतात आणि सावलीत बसून फळं काढतात. त्या झुडपाला पुढची दोन वर्षं नीट फळ येत नाही. तुम्हाला रोपं हवी असतील तर त्याच बायांकडून काळी पिकलेली पाटीभर करवंदं विकत घ्या. घरात सगळ्यांना खाऊ द्या, बिया एका वाटीत जमवायला सांगा. लेकरांना फळ चावून आतला गर लाल निघाला तर कोंबडा, पांढुरका निघाला तर कोंबडी असा खेळ लावून द्या, वाटी बघता बघता भरते. त्या बियांची वर लिहिल्याप्रमाणं रोपं करा.

केकवरची लाल चेरी करवंदाची असते हे खरं का? आणि कच्च्या करवंदाचा चीक जातो कसा?

बेकरीतली स्वस्त लाल चेरी पुष्कळदा करवंदाचीच असते. कच्च्या फळातल्या बिया काढतात, साखरेच्या पाकात मुरवतात आणि वरून रंग देतात.

घरी कच्ची करवंदं वापरायची तर उभी चिरा, बिया काढा आणि मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी पाणी ओतून द्या, चीक आणि तुरटपणा दोन्ही जातात. चिरताना बोटांना आणि सुरीला आधी तेल लावा. याचं मोहरी-मेथी घालून लोणचं सगळेच करतात. मला विचाराल तर ठेचा करा. मूठभर करवंदं, पाच-सहा हिरव्या मिरच्या, लसूण, कोथिंबीर, मीठ, चिमूटभर जिरं आणि भाजलेले शेंगदाणे तव्यावर जरा परतून खलबत्त्यात जाडसर ठेचा. वरून कच्चं करडईचं तेल सोडा आणि गरम ज्वारीच्या भाकरीबरोबर वाढा. मिक्सरला लावू नका, त्यात लगदा होतो.

मधुमेहावर करवंदाचा रस घ्यावा का?

औषध म्हणून नाही. करवंदात लोह आणि क जीवनसत्त्व आहे, हंगामात मूठभर खायला हरकत नाही. गोळ्या बंद करून रस सुरू करायचा विचार असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.